बीपी, नाडी आणि मणक्यातलं पाणी: कियारीच्या एका रुग्णाबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "माझ्या मिस्टरांचं वय ४१. गेलं वर्षभर खोकलं किंवा शिंकलं की मानेच्या मागे जोरात कळ येते, उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात. एमआरआयमध्ये 'कियारी टाइप १, टॉन्सिल ८ मिमी खाली, मानेच्या भागात सिरिंक्स, सीएसएफ फ्लो कमी' असं आलं. त्याच सुमारास बीपी १५२/९६ आणि नाडी ९२ निघाली, गोळी सुरू झाली. बीपी आणि नाडी जास्त असल्यामुळे मणक्यातलं पाणी जोरात ढकललं जाऊन ही पोकळी झाली असेल का? बीपी आटोक्यात आलं की ती आकसेल का? की ऑपरेशनच करावं लागेल?"

ताई, आधी रिपोर्टमधले दोन शब्द. कियारी म्हणजे छोट्या मेंदूची खालची टोकं कवटीच्या तळाच्या छिद्रातून खाली उतरणं, आणि सिरिंक्स म्हणजे मज्जारज्जूच्या आत पाणी साठून झालेली पोकळी. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पहिला, हृदयाच्या ठोक्याचा आणि बीपीचा मणक्यातल्या पाण्याशी संबंध आहे का? आहे, आणि फार जवळचा आहे. दुसरा, मग बीपीची गोळी घेतली की सिरिंक्स बरा होईल का? याचं उत्तर बहुतेक करून 'नाही' असंच आहे. पहिल्याला 'हो' मिळालं की माणूस दुसऱ्यालाही 'हो' धरून चालतो आणि सर्जनची भेट पुढे ढकलत राहतो. तुमच्या घरी तसं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी भूलतज्ज्ञ आहे. गेली २२ वर्षं मुख्यतः मेंदू आणि मणक्याच्या ऑपरेशनांना भूल देतो. बीपी, नाडी, श्वास आणि हे पाणी, या चार गोष्टी एकमेकांना कशा ओढतात हे पाहत राहणं हेच माझं काम. पण तुमच्या मिस्टरांना मी तपासलेलं नाही, त्यांचे फोटो पाहिलेले नाहीत. त्यामुळे पुढचं वाचून समज पक्की करा, निर्णय मात्र तपासणाऱ्या सर्जनसोबत बसूनच घ्या.

आधी पाण्याबद्दल. मेंदूच्या आत, मेंदूभोवती आणि मज्जारज्जूभोवती मिळून मोठ्या माणसात साधारण १५० मिली सीएसएफ, म्हणजे तुम्ही म्हणता ते 'मणक्यातलं पाणी', असतं, म्हणजे चहाचा एक भरलेला कप. पण दिवसभरात ते तयार होतं ५०० मिलीच्या आसपास. जुनं रक्तात शोषलं जातं, नवीन येतं, असं दिवसातून तीनेक वेळा सगळं बदलतं. मिनिटाचा हिशोब केला तर नवीन पाणी जेमतेम एक तृतीयांश मिली. ही झाली त्याची संथ वाटचाल. हृदयाचा ठोका जे पाणी हलवतो ते वेगळं. ते पुढे जात नाही, जागच्या जागी खालीवर झुलतं.

हे झुलणं कशामुळे होतं? कवटी हाडाची, फुगू न शकणारी. आत मेंदू, रक्त आणि पाणी. एक वाढलं की दुसऱ्याला जागा सोडावीच लागते. एडिनबराच्या मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि केली यांनी १८२४ मध्ये मांडलेला हा विचार आम्ही आजही रोज वापरतो. मेंदूला मिनिटाला ७०० मिलीच्या आसपास रक्त लागतं. नाडी ७० धरली तर ठोक्यामागे १० मिली. हे रक्त एकसारखं वाहत येत नाही, ठोक्यासरशी उसळून येतं. त्या क्षणी आत येणारं रक्त बाहेर जाणाऱ्या रक्तापेक्षा थोडं जास्त असतं, साधारण एक मिलीच्या घरात. तेवढी जागा कुठून आणायची? काही शिरा पिळल्या जाऊन मिळते, आणि साधारण अर्धा मिली पाणी कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून खाली मणक्याच्या पोकळीत सरकतं. मणक्यातली पाण्याची पिशवी थोडी लवचिक असते, तिच्याभोवती चरबी आणि शिरांचं जाळं असतं, त्यामुळे ती हा अर्धा मिली सामावून घेते. हृदय सैल पडलं की तेच पाणी परत वर येतं.

आता ताडून पाहा. ठोक्याला अर्धा मिली म्हणजे मिनिटाला ३५ मिली पाणी मानेतून खाली जातं आणि ३५ मिली वर येतं. नवीन तयार होणारं पाणी मिनिटाला एक तृतीयांश मिली. झुलणारं पाणी सुमारे शंभर पट झालं. म्हणून रिपोर्टमध्ये 'फ्लो' हा शब्द दिसला की नदीचा प्रवाह डोळ्यांसमोर आणू नका. खाडीतली भरती-ओहोटी आणा, फक्त मिनिटाला ७० वेळा येणारी.

हे मी डोळ्यांनी रोज पाहतो. कुशीवर झोपलेल्या माणसाच्या कमरेत सुई घालून, तिला पारदर्शक नळी जोडून ती उभी धरली की पाणी नळीत चढतं. कंबरेच्या पातळीपासून १०, १२, १५ सेंटिमीटरवर येऊन थांबतं. मोजायची खास काचेची नळी नसेल तर सलाईनच्या सेटची स्वच्छ नळी आणि शाळेतली फूटपट्टी लावूनही आम्ही हे मोजलेलं आहे. पण पाणी थांबतं म्हणजे स्थिर होत नाही. जवळून पाहिलं तर त्याचा वरचा काठ मॉनिटरच्या टिकटिकीबरोबर बारीक थरथरत असतो, एखाददोन मिलिमीटर. त्याहून मोठी, संथ लाट श्वासाची असते. आणि रुग्णाला "जरा खोका" म्हटलं की तोच काठ एकदम उसळतो आणि लगेच खाली येतो. तीच नळी धरून रुग्णाचं बीपी ११० असताना आणि घाबरून १५० झालेलं असताना मी पाहिलंय. थरथर थोडी बदलते. उंची मात्र जिथल्या तिथे राहते. खोकल्याने मात्र ती क्षणात दुप्पट-तिप्पट होते.

हेच तुमच्या प्रश्नाचं मर्म आहे.

बीपी वाढलं तरी पाण्याची पातळी का वाढत नाही? कारण मेंदूच्या बारीक धमन्या राखणदारासारख्या काम करतात. रक्तदाब वाढला की त्या आवळतात, कमी झाला की सैलावतात, आणि आत जाणारं रक्त जवळपास सारखं ठेवतात. सरासरी रक्तदाब ६० पासून १५० पर्यंत असला तरी हे सांभाळलं जातं असं वैद्यकीची पुस्तकं सांगतात. प्रत्यक्षात ही हद्द माणसागणिक बदलते, आणि ज्यांचं बीपी वर्षानुवर्षं जास्त आहे त्यांच्यात ती वर सरकलेली असते. १५२/९६ म्हणजे सरासरी ११५ च्या आसपास (खालच्या आकड्यात दोन आकड्यांतल्या फरकाचा एक तृतीयांश मिळवायचा). ही त्या हद्दीच्या बरीच आत आहे. पाण्याचा दाब ठरतो तो मुख्यतः पाणी शोषलं कसं जातं, डोक्यातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांमध्ये दाब किती, आणि माणूस आडवा आहे की उभा, यावर. उभं राहिलं की कमरेतला दाब आडव्याच्या तिपटीच्या आसपास जातो आणि डोक्यातला शून्याजवळ येतो. नुसत्या उठून बसण्याने एवढा फरक पडतो, तिथे बीपीच्या वीस-तीस आकड्यांचं काय! अपवाद आहे तो बीपी अतोनात वाढण्याचा, २०० च्या वर, डोळ्यांच्या पडद्याला सूज येण्याइतकं. तेव्हा हे राखणदारच हरतात. पण ती तुमच्या मिस्टरांची गोष्ट नव्हे.

मग बीपीचा संबंध येतो कुठे? वरच्या आणि खालच्या आकड्यातल्या फरकात. १२०/८० मध्ये फरक ४० चा. १६०/७० मध्ये ९० चा. पाणी झुलवतो तो हा फरक. तरुण माणसाची महाधमनी रबरासारखी असते, ठोक्याचा दणका ती स्वतः फुगून झेलते आणि मग हळूहळू पुढे सोडते. वय, साखर आणि वर्षानुवर्षांचं बीपी यांनी ती कडक झाली की दणका तसाच मेंदूपर्यंत पोचतो. वयस्कर लोकांत मेंदूच्या आतल्या बारीक नळीतलं झुलणं वाढलेलं दिसतं त्यात याचा वाटा आहे, आणि पाय घासत चालणं, लघवीवर ताबा नसणं, विसरभोळेपणा असा जो मेंदूत पाणी साठण्याचा आजार उतारवयात होतो, त्याच्या रुग्णांत बीपी बऱ्याच जणांना असतं ते बहुधा याचमुळे. २०१८ मध्ये उंदरांवर झालेल्या एका कामात दिसलं की रक्तदाब एकदम वाढवला की धमन्यांभोवतीच्या अरुंद वाटेतून पुढे सरकणारं पाणी उलटं मागे यायला लागतं आणि एकूण सरकणं मंदावतं. माणसाला ते जसंच्या तसं लावता येत नाही. पण बीपी वाढलं म्हणजे पाणी धावायला लागतं हा समज सरळसोट खरा नाही, एवढं त्यातून कळतं.

तुमच्या मिस्टरांचा फरक १५२ उणे ९६, म्हणजे ५६. वय ४१. हा काही पाण्याला हातोड्यासारखा ठोकणारा आकडा नाही.

नाडीचं गणित आणखी वेगळं आहे. पुष्कळांना वाटतं नाडी जास्त म्हणजे पाणी जास्त आपटतं. विश्रांतीत नाडी ६० वरून ९० वर गेली की हृदयाला दोन ठोक्यांमध्ये भरायला वेळ कमी मिळतो, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं, आणि त्यामुळे प्रत्येक ठोक्याला हलणारं पाणीही कमी होण्याकडे कल असतो. हेलकावे संख्येने वाढतात, आकाराने लहान होतात. झोपाळ्याला सावकाश मोठा झोका दिला काय आणि भराभर छोटे दिले काय, तसं. धावताना किंवा जिने चढताना हे बदलतं, कारण तेव्हा नाडीबरोबर वरचं बीपीही चढतं आणि श्वासही खोल होतो. ९२ नाडी असणारा माणूस एमआरआयच्या खोलीत शिरताना ११० वर असतो. म्हणून ९२ या आकड्याकडे पाण्याच्या चिंतेने पाहू नका. रक्त कमी आहे का, थायरॉइड वाढलाय का, झोप होते का, भीती आहे का, हे पाहा.

श्वास मात्र मोठा खेळाडू आहे आणि त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. खोल श्वास आत घेतला की छातीतला दाब उतरतो, शिरांमधलं रक्त हृदयाकडे ओढलं जातं, आणि पाणी डोक्याकडे वर सरकतं. जर्मनीत गॉटिंगेनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये क्षणाक्षणाला चित्र घेणाऱ्या एमआरआयने हे दाखवलं. नेहमीच्या 'सीएसएफ फ्लो स्टडी'त हे दिसत नाही, आणि का दिसत नाही ते तुम्हाला माहीत असावं. त्या तपासणीत बोटाला किंवा छातीला नाडी पकडणारं यंत्र लावतात, काही मिनिटं शेकडो ठोके नोंदवतात आणि त्यांची सरासरी काढून एकच 'ठोका' पडद्यावर दाखवतात. श्वासाचा परिणाम त्या सरासरीत पुसला जातो. नाडी अनियमित असेल तर चित्रच बिघडतं. म्हणजे ती तपासणी शांत झोपलेल्या माणसाच्या ठोक्याचं झुलणं दाखवते. खोकल्याच्या क्षणी काय होतं ते दाखवत नाही, आणि तुमच्या मिस्टरांचा त्रास नेमका त्या क्षणाचा आहे.

आता कियारी. रिपोर्टमधले 'टॉन्सिल' घशातले नव्हेत. हा गोंधळ इतका होतो की एका रुग्णाच्या नातेवाइकांनी आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली होती. छोट्या मेंदूच्या खालच्या टोकांनाही टॉन्सिल म्हणतात. ती कवटीच्या तळाच्या छिद्रातून ५ मिमी किंवा जास्त खाली उतरली असतील तर कियारी टाइप १ म्हणतात. १८९१ मध्ये प्रागच्या हान्स कियारी यांनी हे वर्णन केलं, त्यांचंच नाव. छिद्रात ही टोकं बुचासारखी बसली की अर्धा मिली पाण्याला खाली जायला वाट उरत नाही. हृदय तर थांबत नाही. ठोका येतो, पाण्याला जागा हवी असते, पाणी सरकू शकत नाही म्हणून टॉन्सिलच खाली दाबली जातात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ओल्डफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलेली ही कल्पना आज सर्वाधिक मानली जाते: टॉन्सिल पिचकारीच्या दट्ट्यासारखी प्रत्येक ठोक्याला खाली येतात, खालच्या बंदिस्त पाण्यात दाबाच्या लाटा उठवतात, आणि त्या लाटा पाण्याला मज्जारज्जूच्या आत ढकलत राहतात. तिथे वर्षानुवर्षं साठून सिरिंक्स होतो.

मला हे वाचून पटलं नव्हतं, पाहून पटलं. ऑपरेशनमध्ये रुग्ण पालथा असतो, सर्जन मानेच्या मागचं हाड काढतात, मेंदूचं जाड आवरण अजून बंद असतं. त्यावर सोनोग्राफीचा छोटा प्रोब ठेवला की पडद्यावर करड्या रंगात टॉन्सिल दिसतात. माझ्या मॉनिटरचा 'टिक' आणि पडद्यावर टॉन्सिलची खाली उडी. टिक, उडी. टिक, उडी. त्या रुग्णाचं बीपी तेव्हा मी १०५/६५ ठेवलं होतं आणि नाडी ६२ होती. भुलेखाली, औषधाने शांत केलेलं हृदय, तरी उडी होतीच. आवरण उघडून पाण्याला मोकळी जागा करून दिली, त्यावर ठिगळ लावून पिशवी रुंद केली, आणि पुन्हा प्रोब ठेवला. उडी जवळपास थांबली. बीपी तेच. नाडी तीच.

त्या दिवसापासून कियारीच्या रुग्णांना मी सांगतो की पंपात बिघाड नाही, दारात अडथळा आहे. दार बंद ठेवून पंप हळू केला तर धक्के थोडे मऊ होतील, पण पाणी अडायचं थांबणार नाही. खोकल्याने दुखतं त्याचं कारणही हेच. खोकताना छाती आणि पोटातला दाब मणक्यातल्या शिरांमधून पाण्यावर येतो, पाणी वर ढकललं जातं, आणि ते परत खाली यायच्या वाटेवर बूच असतं. काही क्षण वर आणि खाली दाबात तफावत राहते, टॉन्सिल अडकतात, कळ येते.

तेव्हा ही पोकळी बीपीमुळे झाली का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: सिरिंक्स बीपीमुळे झालेला नाही. बीपी अजिबात नसलेल्या पोरवयातल्या रुग्णांनाही तो होतो. आणि गोळीने बीपी १२५/८० झालं तरी तो आकसेल अशी आशा धरू नका. गोळी मात्र घ्या, ती हृदय, किडनी आणि मेंदूच्या धमन्यांसाठी.

बीपी आणि कियारी या दोन गोष्टी एकाच माणसात आल्या की मी एक प्रश्न हटकून विचारतो, आणि तो तुम्हालाच विचारायचा आहे कारण उत्तर फक्त शेजारी झोपणाऱ्याला माहीत असतं. ते घोरतात का? घोरता घोरता श्वास थांबतो आणि मग दचकून परत सुरू होतो असं होतं का? कियारीत श्वासावर ताबा ठेवणाऱ्या भागाच्या जवळच दाब असतो, त्यामुळे झोपेत श्वास थांबण्याचा त्रास या रुग्णांत बऱ्याचदा सापडतो. आणि झोपेत श्वास थांबणं हे स्वतंत्रपणे बीपी वाढवतं. म्हणजे तुम्ही जो बाण काढलात, बीपीकडून पाण्याकडे, तो काही रुग्णांत उलट दिशेने असतो. असं होत असेल तर झोपेची तपासणी सांगा, आणि भुलेआधी माझ्यासारख्याला हे कळणं फार गरजेचं आहे. याखेरीज ४१ व्या वर्षी बीपी निघालंय म्हणजे किडनी, पोटॅशियम, साखर आणि ईसीजी एकदा व्हायला हवेत. घरी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून आठवडाभर बीपी लिहून ठेवा. दवाखान्यातलं एक माप, तेही दुखत असताना घेतलेलं, मी प्रमाण मानत नाही.

एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते, कारण बीपी उतरवण्याच्या घाईत अनर्थ होताना मी पाहिलाय. नवीन असताना एका लहान दवाखान्यातून आमच्याकडे रुग्ण आला होता. डोकं भयंकर दुखतंय, उलट्या, बीपी २१०/११०, नाडी ४६. तिथे बीपी उतरवायला जिभेखाली औषध दिलं होतं. बीपी झपाट्याने उतरलं आणि त्याबरोबर शुद्धही गेली. त्याच्या डोक्यात पाणी अडलेलं होतं, आतला दाब चढला होता, आणि मेंदूला रक्त पोचावं म्हणून शरीराने मुद्दाम बीपी वाढवलं होतं. हार्वी कुशिंग यांनी १९०१ च्या सुमारास हे वर्णन केलं: आतला दाब फार चढला की बीपी वाढतं, नाडी मंदावते, श्वास बिघडतो. मज्जारज्जूचंही तसंच. त्याला मिळणारा रक्ताचा जोर म्हणजे सरासरी बीपी उणे पाण्याचा दाब. महाधमनीच्या मोठ्या ऑपरेशनात पाय लुळे पडू नयेत म्हणून आम्ही कमरेतून थेंब थेंब पाणी काढून पाण्याचा दाब (बीपीच्याच मापात) १० च्या आसपास ठेवतो आणि बीपी मुद्दाम वर ठेवतो. पाणी तासाला १०-१५ मिलीपेक्षा जास्त काढायची हिंमत करत नाही. म्हणून तुमच्या मिस्टरांचं बीपी हळूहळू, आठवड्यांच्या हिशोबाने खाली आणा. एखाद्या दिवशी डोकं फार दुखून बीपी चढलेलं दिसलं तर घरच्या घरी जास्तीची गोळी देऊ नका. बीपी फार चढलंय, नाडी नेहमीपेक्षा बरीच मंद आहे, उलट्या किंवा गुंगी आहे, असं दिसलं तर थेट मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

व्यायामाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असेल. चालणं, सपाट रस्त्यावर सायकल, हलका व्यायाम, ज्याने नाडी ११०-१२० होते, त्याला सहसा माझी हरकत नसते. मी थांबवतो ते श्वास रोखून जोर लावणं. जिममध्ये वजन उचलणं, गॅसचं सिलिंडर उचलणं, बद्धकोष्ठात कुंथणं. यात नाडी फारशी वाढत नाही पण पाण्याच्या दाबाला झटका बसतो. कपालभाती आणि भस्त्रिका मी निर्णय होईपर्यंत बंद ठेवायला सांगतो. प्राणायामाबद्दल मला आदर आहे, घरात आई रोज करायची. पण कपालभातीत पोटाचा मिनिटाला पन्नास-साठ वेळा झटका असतो आणि प्रत्येक झटका त्या बंद दारावर जातो. सावकाश, न रोखता घेतलेला श्वास चालेल. शीर्षासन, सर्वांगासन नको, मान मोडून घेणं तर अजिबात नको. केस कापायला गेल्यावर मानेला झटका देऊन 'कडकड' काढतात, ते आधीच नको म्हणून सांगा. खोकला झालाच तर लवकर उपचार घ्या, पोट साफ राहील असं खाणं ठेवा. या साध्या गोष्टींनी कळा जितक्या कमी होतील तितक्या बीपीच्या गोळीने होणार नाहीत.

आता ऑपरेशन. इथे परिस्थितीनुसार फार बदलतं, म्हणून ठाम बोलत नाही. नुसती टॉन्सिल खाली आहेत, त्रास नाही, सिरिंक्स नाही, असे पुष्कळ लोक असतात आणि त्यांना वर्षानुवर्षं काही करावं लागत नाही. ८ मिमी या आकड्याने घाबरू नका, ६ मिमी वाल्यांना जास्त त्रास असतो आणि १२ मिमी वाल्यांना काहीच नाही असंही दिसतं. पण सिरिंक्स आहे, हाताला मुंग्या आहेत, खोकल्याची कळ आहे आणि पाण्याची वाट अडलेली दिसतेय, या चार गोष्टी एकत्र असताना बहुतेक सर्जन ऑपरेशनकडे झुकतात, आणि मला ते बरोबर वाटतं. मज्जारज्जूचं एकदा गेलेलं काम पूर्ण परत येईलच असं नसतं. ऑपरेशनचा मुख्य हेतू पुढचं नुकसान थांबवणं हा असतो. सिरिंक्स आकसायला नंतर काही महिने जातात.

घरी एक पाहून ठेवा. त्यांना हाताला गरम-गार नीट कळतं का? सिरिंक्समध्ये दुखणं आणि तापमान वाहून नेणारे धागे आधी दाबले जातात, स्पर्श मात्र शाबूत राहतो. माझ्या एका रुग्णाची चहाची टपरी होती. हाताची पकड उत्तम, सुट्टे पैसे खिशात हाताने ओळखायचा. पण उजव्या तळहाताच्या कडेला आणि मनगटावर भाजल्याचे जुने-नवे डाग होते, आणि कधी भाजलं हे त्याला सांगता येत नव्हतं. पातेल्याला हात लागलेला कळायचाच नाही. असे डाग दिसले, पकड ढिली झाली, तळहाताचं मांस उतरलेलं वाटलं, गिळताना ठसका लागायला लागला, आवाज बदलला, चालताना तोल जायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

सर्जनकडे जाताना नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, एमआरआयची सीडी न्या. 'फ्लो कमी' हे दोन शब्द पुरेसे नसतात. टॉन्सिलच्या पुढून थोडी वाट आहे का, मागून पूर्ण बंद आहे का, अरुंद फटीतून पाणी उलट जोरात सुटतंय का, हे हलतं चित्र पाहूनच कळतं. नळीच्या तोंडावर बोट धरलं की पाण्याची धार जोराची होते पण बादली उशिरा भरते, तसं इथेही होतं. एकाच रुग्णाच्या रिपोर्टात एक जण 'वेग वाढलेला' लिहितो आणि दुसरा 'फ्लो कमी' लिहितो, आणि दोघंही बरोबर असतात. पूर्ण मणक्याचा एमआरआय झालेला नसेल तर तो करायचा का हेही विचारा. सिरिंक्स मानेच्या खाली किती उतरलाय ते त्यात दिसतं.

आणि माझ्या खात्यातली शेवटची गोष्ट. ऑपरेशन होवो न होवो, त्यांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: 'कियारी टाइप १, सिरिंक्स. भूल देण्यापूर्वी आणि पाठीतून पाणी काढण्यापूर्वी भूलतज्ज्ञाला सांगावे.' उद्या हर्नियासाठी किंवा पाय मोडला म्हणून कुठे दाखल झाले, तर तिथे सर्रास कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात. ज्याचं वरचं दार बंद आहे त्याचं खालून पाणी निघालं तर टॉन्सिल आणखी खाली ओढली जाऊ शकतात. ती भूल देता येईलच की नाही हे त्या वेळी फोटो पाहून ठरवता येतं, पण आधी कुणीतरी सांगायला हवं. अपघातात माणूस स्वतः सांगू शकत नाही. आजच लिहा आणि एक प्रत त्यांच्या मोबाईलच्या कव्हरमध्येही ठेवा.